सर्व्हेअरचे बारा प्रश्न

पास्कलने बिर्याणी मागवली की हॉटेलातला मल्याळी वेटर पळायच्या तयारीतच उभा राहायचा. "भात कधी शिजवला? कुणी शिजवला? तू स्वतः खाल्लास का?" एकदा वैतागून वेटर म्हणाला, "हबीबी, खाना है तो खाओ, शादी थोडी करनी है!" आम्ही सगळे टेबलावर कोसळलो. पास्कल गंभीरच. मला म्हणाला, "बघितलंस जोश्या? उत्तर नाही दिलं." आणि त्याने ऑम्लेट मागवलं.

वसईचा हा पास्कल म्हणजे आम्हा सगळ्यांचा 'सर्व्हेअर'. अमिरातीतल्या फुजैराच्या बंदरात जहाजं तेल भरायला येतात. भरण्याआधी आणि भरल्यावर टाकीत मोजपट्टी सोडायची, नमुन्याच्या बाटल्या सील करायच्या, हे त्याचं काम. "देणारा खोटं बोलतो, घेणारा खोटं बोलतो, खरं बोलते फक्त माझी टेप," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. ती टेप तो माणसांतही सोडायचा. आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी फॉर्म घेऊन त्याच्याकडे गेले, तर याने विचारलं, "गेल्या वर्षी कितीजण सोडून गेले? त्यांचे नंबर द्या." सेक्रेटरी अर्धा चहा टाकून निघाले. इतकी वर्षं फुजैरात काढून सर्व्हेअर कशाचाही सभासद नव्हता. बायको लवकर गेली होती. घरात तो आणि मुलगा केविन, बस्स.

केविन अमेरिकेत कॉलेजला गेला. दोन महिन्यांनी एका रविवारी संध्याकाळी मी सर्व्हेअरकडे बसलेलो असताना त्याचा फोन आला. कॉलेजात पोरांची एक फ्रॅटर्निटी होती. ग्रीक अक्षरांचं नाव, सगळ्यांचं मिळून एक मोठं घर, एकमेकांना 'ब्रदर' म्हणायचं, आणि नव्यांपैकी कुणाला आत घ्यायचं ते जुन्यांनी ठरवायचं. त्यांनी केविनला जेवायला बोलावलं होतं.

"शुड आय जॉइन, डॅड?"

"पण कशाला रे जॉइन?"

"आय ईट लंच अलोन, डॅड. एव्हरी डे."

इथे आम्ही थांबायला हवं होतं. पण सर्व्हेअरने तोवर कागद पुढे ओढला होता. रॅगिंग करता का? नवा पोरगा 'नाही' म्हणाला तर त्याचं काय करता? अभ्यासात कुणी मागे पडलं तर? सोडून गेलेल्यांचे नंबर द्याल का? बघता बघता अकरा प्रश्न झाले. बारावा माझा. "आणि दारू पिऊन पडलात, तर उचलतं कोण?" मी तो उभं राहून, हात पसरून, न्यायाधीशाच्या थाटात विचारला. दोघं पोट धरून हसलो. कागदाचा फोटो केविनला गेला.

प्रश्न चुकीचे नव्हते, हेच वाईट. माझ्या मुलीलाही मी तेच विचारायला सांगेन. पण हळूच, एकेकाला, जेवणं झाल्यावर. हे केविनला सांगायचं मात्र आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. बापाचा आज्ञाधारक पोरगा. त्याने कागद छापून नेला आणि ताटं यायच्या आधी उभा राहून बाराच्या बारा प्रश्न वाचून दाखवले. पोरांनी म्हणे शांतपणे ऐकलं. बाराव्याला हसलीसुद्धा. नंतर बोलावणं आलं नाही.

"घाबरले! म्हणजे तेलात पाणी होतं," म्हणत सर्व्हेअर तीन दिवस खुशीत होता. चौथ्या दिवशी त्याने केविनला विचारलं, "जेवलास? कुणाबरोबर?"

"विथ माय लॅपटॉप."

मग दर रविवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. सर्व्हेअर हबकला. चर्चमध्ये जा, क्रिकेटवाल्यांत जा, कुणीतरी मराठी शोध, असं उलटं सांगू लागला. पलीकडून शांत आवाज यायचा, "बट हू आर दे, डॅड?" अशी चार वर्षं गेली. केविनला तिथेच नोकरी लागली.

गेल्या वर्षी सर्व्हेअर निवृत्त झाला. व्हिसा कॅन्सल, घर रिकामं, खलास. निरोपाला मी एकटाच. दुपारी त्याला गाडीत घालून डोंगरातल्या रस्त्याने दुबईच्या विमानतळाकडे निघालो. मी जुन्या नकला करून पाहिल्या, बिर्याणीवालासुद्धा. तो हसला नाही. "जोश्या, तेव्हा केविनला नुसतं 'जा' म्हणायचं होतं रे. चार दिवस त्रास झाला असता, तर आला असता बाहेर."

तेवढ्यात केविनचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर त्याचा आवाज घुमला. ऑफिसातली मंडळी शनिवारी तळ्यावर जाणार होती, त्यालाही विचारलं होतं.

सर्व्हेअर सीटवर ताठ झाला. "जा! यल्ला, जा रे बाबा!"

"आय ऑलरेडी सेड नो, डॅड. दे कुडन्ट टेल मी हू एल्स वॉज कमिंग." मग लहानपणी गृहपाठ दाखवायचा तसा, "दॅट्स राइट, नो?"

मी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"करेक्ट केलंस, पोरा," सर्व्हेअर म्हणाला. फोन बंद झाल्यावर बऱ्याच वेळाने तो मला म्हणाला, "एसी जरा कमी कर."