खोली खाली होणार नाही

नेपाळहून आलेल्या एका नवरा-बायकोला मी गोरेगाव या आमच्या छोट्या गावातल्या माझ्या शिवणाच्या दुकानामागची खोली भाड्यानं दिली, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. दोघं संध्याकाळी चौकात चायनीजची गाडी लावायचे आणि अर्धं गाव तिथं खायचं. मग मोबाइलवर एक मेसेज फिरला, परदेशी माणसांना घरं देऊ नका म्हणून. दुसऱ्या दिवशी चौघं जण दुकानात आले. सगळ्यांत पुढं माझा सख्खा थोरला भाऊ.

"खोली खाली करून घे," तो म्हणाला.

"काहून?"

"परदेशी हाय तो. व्हिसा न्हाई त्याच्याकडं."

"त्याला लागतच न्हाई, दादा. दोन्ही देशांचं तसं ठरलंय. उद्या तू काठमांडूला गेलास तर तुलाबी कुणी मागणार न्हाई. त्याच्या कागदांच्या नकला मी कवाच पोलीस ठाण्यात दिल्या हायत."

"मग ते ठरलेलंच मोडाया पाहिजे," मागचा एक जण म्हणाला.

भावाचा राग वेगळाच होता. "माझं पोरगं दुबईला जायसाठी वर्षभर कागदं घेऊन फिरलं. आन् हा नुसता रेल्वेत बसून आला. हे बराबर हाय का?"

त्या वर्षात त्या घरानं काय सोसलं, ते मी पाहिलं होतं. तरी मी हटले नाही.

"तुझ्या लेकराला ज्यांनी ताटकळत ठेवलं, त्यांच्यावर राग काढ. ह्यानं तुझं काय नेलं? खोली माझी हाय. ती खाली होणार न्हाई."

ते गेले. मागं जाऊन पाहते तर ती बाई सामान बांधत होती. "दीदी, हम चले जाते हैं," म्हणाली. मी तिच्या हातातले कपडे काढून घेतले आणि परत दोरीवर टाकले.

त्या संध्याकाळी गाडीसमोर खुर्ची टाकून मी एकटीच बसले आणि सगळ्यांच्या देखत नूडल्सची प्लेट संपवली. आवडल्या नाहीत, पण संपवल्या.

पुढं कितीतरी दिवस ब्लाउज टाकायला बाया कमीच आल्या. भाऊबीजेला भाऊ आला नाही, म्हणून मीच ताट घेऊन त्याच्या घरी गेले. त्यानं ओवाळून घेतलं. मी निघाले तेव्हा त्यानं दारातून विचारलं,

"हायत का अजून ते?"

"हायत. आन् राहणार."