बरणीतला फासा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही — लेकीलाही नाही. तुम्हाला सांगतो.

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर रविवारी दुपारी खेळलो. अमेरिकेत, वेस्ट विंडसरला लेकीच्या घरी राहतो आम्ही. राहायचो. लेक मनीषा, तिच्या दोन मैत्रिणी आणि आम्ही म्हातारा-म्हातारी. राक्षस मारायचा खेळ. आधी वीस बाजूंचा फासा टाकायचा, घाव बसला की नाही ते कळतं. बसला, तर दुसरा टाकायचा — किती लागलं त्याचा. खेळात प्रत्येकाचा एक लढवय्या; हिची तलवारवाली बाई, म्हणून हिला आठ बाजूंचा. पडेल तो आकडा राक्षसाच्या जिवातून वजा.

शुगरनं हिचे डोळे गेलेले. फासा स्टीलच्या उंच काठाच्या ताटात टाकायची आणि माझ्याकडे वळायची. "अहो, किती?" ताटाच्या काठाआडचं दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही.

मी चौथी शिकलोय. पण आकडे येतात मला. चुकून वाचलं असं समजू नका.

सुरुवातीला खरं सांगायचो. मग एकदा माझ्यानं न मेलेला राक्षस हिनं एका घावात पाडला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. ही लाजली, हसली — जन्मभर मला विचारून भाजी आणणारी बाई. का टोचलं मला ते? टोचलं, एवढं खरं. पुढच्या खेपेला सात पडले, मी तीन म्हणालो. मग दोन वर्षं तेच. दर वेळी नाही — मोठा आकडा पडला की.

फासा सारखा दगा द्यायला लागला की पोरी त्याला शिक्षा करतात, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत कोंडतात. हिचा कायम आत. "माझ्या हातातच जोर नाही गं," म्हणायची.

त्या रविवारी राक्षसाचा जीव पाचच उरला होता. "आई, हिट झालं. आता डॅमेज रोल कर," मनीषा म्हणाली. हिनं दुसरा फासा टाकला. ताटात आठ पडले. स्वच्छ आठ.

"अहो, किती?"

"एक."

राक्षसानं उलटा वार केला, हिची तलवारवाली मेली. ही हसली. चाचपत फासा उचलून स्वतःच बरणीत टाकला. "बस आता आठवडाभर," त्याला म्हणाली. संध्याकाळी चहा पिता पिता हृदय बंद पडलं. गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरणी उघडली. फासा काढून ताटात टाकला. "सहा," मोठ्यानं म्हणालो. सहाच होते. तेवढ्यात जिन्यावर मनीषाची पावलं वाजली. मी फासा परत बरणीत टाकला आणि झाकण घट्ट लावलं.