ज्याचं त्यानं सांगावं

मला गोंडी येते, याचा मला फार माज होता. मुलचेऱ्याच्या पलीकडे पायवाटेनं अर्धा दिवस चाललं की एक गाव लागायचं, तिथं माझी एकशिक्षकी शाळा होती. माझ्या आधीचे दोन गुरुजी हिवतापाला कंटाळून परत गेले होते. मी राहिलो, भाषा शिकलो आणि आपण या लोकांचे झालो, असं स्वतःला सांगू लागलो. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगू शकतो, कारण उलट विचारायला तिथं कोणी नसतं.

भाषा मला गावाच्या गायत्यानं शिकवली. गायता म्हणजे गावची जमीन, गावचे देव, पेरणीचा दिवस हे सगळं पाहणारा म्हातारा. दुपारी तो शाळेच्या ओसरीवर दोर वळत बसे. माझा शब्द चुकला की आधी पोटभर हसे आणि मग सांगे. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते, त्यामुळे कोणी आपल्याला हसून शिकवतं हे मला ठाऊकच नव्हतं. तो मला आवडायचा. हे तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं.

त्या गावची एक रीत होती. काही वाकडं घडलं की मोहाच्या झाडाखाली चटया पडायच्या आणि सगळं गाव बसायचं. ज्यानं जेवढं केलं, त्यानं तेवढंच सांगायचं. दुसऱ्याचं आपण सांगायचं नाही, कारण तो त्याचा अपमान, जणू त्याला तोंडच नाही. आपलं सांगून झालं की एक पाऊल बाजूला सरकून उभं राहायचं आणि पुढच्यासाठी जागा सोडायची. एकदा कोणाची तरी कोंबडी नाहीशी झाली, तेव्हा चार माणसं एकामागून एक उठली. पकडली मी, कापली मी, शिजवली मी, आणि चौथा म्हणाला, मी फक्त रस्सा प्यालो. मला हसू आवरेना. गायत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच राहिलं.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली त्या वर्षांतली ही गोष्ट. जंगल सरकारचं झालं आणि आमच्या भागातल्या बड्या मालगुजारानं पगडी उतरवून टोपी घातली. निवडणुकीला उभा राहिला. त्याचा जोडीदार होता लाकडाचा ठेकेदार, आणि ठेकेदाराजवळ सात-आठ पहिलवान होते. त्यांचं काम काय, तर लाकडाच्या डेपोची राखण. पण कोणी मजूर उलटून बोलला की दुसऱ्या दिवशी तो लंगडत दिसे. ठेकेदारानं सागवान काढायला गावापर्यंत रस्ता केला आणि एक ट्रक आणला. त्याच ट्रकातून साग जाई, त्यातूनच पहिलवान येत, आणि मतदानाच्या दिवशी झेंडे लावून त्यातूनच आमचं गाव मत द्यायला गेलं. चिठ्ठी कोणत्या पेटीत टाकायची, ते गावाला मीच शिकवलं होतं. मी चिमूरचा. बेचाळीस साली चिमूरनं इंग्रजांविरुद्ध काय केलं ते सगळ्या मुलखाला ठाऊक, आणि त्या गावचा म्हणून मला लोक मान देत. तो मान मी त्या टोपीवाल्याच्या पेटीत टाकला. आता आपलंच राज्य आहे, असं मी त्यांना सांगितलं. मला ते खरं वाटत होतं.

तो आमदार झाला. पुढल्या हिवाळ्यात ठेकेदारानं गायत्याला एक कागद आणून दिला. नाल्याकाठचे जुने साग गावानं तोडून द्यावेत, असा निरोप होता. गायता कागद घेऊन माझ्याकडे आला. मी वाचला. खाली आमदाराची सही होती, झाडं तोडायला हरकत नाही असं लिहिलं होतं. आता आमदाराला हरकत नसणं आणि सरकारची परवानगी असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला कळायला हवं होतं. मी शिकलेला होतो. पण मी मान डोलावली आणि म्हणालो, खुशाल तोडा, आपल्याच माणसाची सही आहे. कागद शाळेच्या कपाटात ठेवून दिला.

गायत्यानं पहिल्या झाडाच्या बुंध्याशी तांदळाचे दाणे ठेवले, मोहाच्या दारूचे थेंब शिंपडले, झाडाला काहीबाही सांगितलं आणि पहिली कुऱ्हाड स्वतः मारली. पहिला घाव त्याचाच असायचा. झाडाचं पाप लागलंच तर ते गावाला नको, आपल्याला लागावं म्हणून.

महिनाभरानं जंगल खात्याचा एक नवा साहेब फिरत आला. परमुलखातला होता, इथले लागेबांधे त्याला ठाऊक नव्हते. सागाचे एवढे बुंधे पाहून त्यानं खटला भरला. चोर तर हवाच होता. ठेकेदारानं बिनदिक्कत गावाकडे बोट दाखवलं आणि खात्याच्या शिपायांनी गायत्याला पकडून नेलं. कोर्टात दुभाषा म्हणून मला बोलावणं आलं. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. माझ्याजवळ कागद होता आणि भाषा होती. म्हाताऱ्याला मी सोडवून आणणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तारखेच्या आदल्या दिवशी आमदारानं मला बंगल्यावर चहाला बोलावलं. ठेकेदार तिथंच बसला होता. पहिलवान पायरीवर सुपारी कातरत होते. मालगुजारीच्या वेळी ते कुठे बसत असतील ते बसोत, आता ते सरकारच्या पायरीवर बसले होते. आमदार फार गोड बोलला. शाळेला पक्की इमारत देतो म्हणाला. चिमूरला बदली हवी असेल तर तेही होईल म्हणाला. मग सहज आठवल्यासारखं करून त्यानं कागदाचं विचारलं.

"बुढ्याले लई झालं तर सा महिने होतीन, गुरुजी. काही मरत नाई थो."

मी उरलेला चहा संपवला. परत निघालो तेव्हा एक पहिलवान माझ्यासोबत आला, कागद घ्यायला. वाटभर तो चांगलं बोलत होता. शाळेजवळ आल्यावर त्यानं माझ्या घराच्या दाराकडे पाहिलं. माझी बायको पोटुशी होती, अंगणात धान पाखडत होती.

"तुमी दिवसभर शाळेत राह्यता, गुरुजी. मंग घरी बाई एकलीच राह्यते नं?"

मी कपाट उघडलं आणि कागद दिला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं म्हणतात. ही म्हण माशांनीच काढली असावी, असं मला आता वाटतं.

कोर्टात गायता धुतलेलं धोतर नेसून आला होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. झाड तू तोडलंस का, असं विचारल्यावर तो होय म्हणाला. कसं तोडलं, पहिला घाव कुठे घातला, तेही त्यानं सविस्तर सांगितलं. काही लपवायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला वाटलं ही मोहाखालचीच बैठक आहे, फक्त छप्पर पक्कं आहे. मॅजिस्ट्रेट माणूस बरा होता. त्यांनी लेखणी थांबवली आणि मला म्हणाले, त्याला विचारा, हे कोणाच्या सांगण्यावरून केलं?

मी विचारलं. गायता गोंडीत म्हणाला, "तो इथंच बसला आहे. ज्याचं त्यानं सांगावं."

मागच्या बाकावर ठेकेदार बसला होता. सगळं कोर्ट माझ्याकडे पाहत होतं, आणि त्या खोलीत गोंडी समजणारे गायता आणि मी, आम्ही दोघंच होतो.

"साहेब," मी म्हणालो, "तो म्हणतो, कोणी सांगितलं नाही."

माझं वाक्य पुरं झालेलं पाहून गायता एक पाऊल बाजूला सरकला. जागा सोडून उभा राहिला. शिपायानं त्याला ओढून पुन्हा पिंजऱ्याच्या मधोमध आणलं, तर तो पुन्हा सरकला. आधी त्यानं ठेकेदाराकडे पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. पुढचा माणूस का उठत नाही, एवढंच तो मला विचारत होता. मी टेबलावरच्या दौतीकडे पाहत राहिलो.

त्याला सहा महिने झाले. मला पंधरा दिवसांत चिमूरची बदली मिळाली. मुलगी झाली. बायकोला मी कशाचाच पत्ता लागू दिला नाही, आणि मुलीचे लाड करताना मला स्वतःची लाज वाटे.

माझ्या जागी आलेल्या गुरुजींचं कार्ड आलं तेव्हा मला कळलं की म्हातारा चांद्याच्या तुरुंगात तापानं गेला. माझ्या अन्नातली चवच गेली. शेवटी रजा काढून मी त्या गावी गेलो. गायत्याच्या म्हातारीला म्हणालो, मला बैठकीत बसायचं आहे. तिनं काऊन म्हणून विचारलं नाही. चटया टाकायला लावल्या.

मी उभा राहिलो आणि माझा वाटा सांगितला. कागद वाचला मी, कागद दिला मी, त्याचं बोलणं बदललं मी. जिभेला जड झालेल्या गोंडीत सांगितलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी उठून गेलं नाही. म्हातारी मातीवर बोट फिरवत होती.

"तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाजवळ त्यानं निरोप दिला होता," ती म्हणाली. "गुरुजीनं माझं बोलणं नीट पोचवलं, म्हणाला. उठला नाही तो ठेकेदार. गुरुजीची काही चूक नाही."

मी तिथं लहान पोरासारखा रडलो. तो मरेपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवून होता, आणि तिच्याजवळ त्याचा तेवढा एक शब्द उरला होता, तोही मी येऊन खोटा ठरवला होता.

मग मी एक पाऊल बाजूला सरकलो. मला वाटलं, संपलं. पण कोणी उठेना. सगळे रस्त्याकडे तोंड करून बसून राहिले. अजून दोघं सांगायचे होते, ठेकेदार आणि आमदार. उन्हं कलली तरी माणसं बसलेली. मला मुलचेऱ्यापर्यंत पायी जायचं होतं आणि वाटेत अस्वलांचं भय. मी हळूच निघालो. डेपोपाशी सागानं भरलेला ट्रक उभा होता. चालकाच्या जागी कागद नेणारा तोच पहिलवान बसला होता.

"या नं गुरुजी, सोडून देतो," तो म्हणाला.

मी बसलो. रस्ता मोहाखालून जात होता. ट्रकचा आवाज ऐकून बैठकीतली माणसं सावरून बसली, आणि म्हातारीनं आपल्या शेजारच्या बाईला सरकायला सांगून चटईवर दोन माणसांची जागा केली. पहिलवानानं भोंगा वाजवला. ट्रक थांबला नाही, आणि मी थांबवला नाही.