वाया गेलेल्या कामाचं इंग्रजी नाव

माझं पहिलं लग्न ठरता ठरता मोडलं, ते एका इंग्रजी शब्दापायी. आजही आठवलं की डोकं फिरतं.

थोरला भाऊ आमच्या गावाहून, अंथुर्ण्याहून, एसटीनं बारामतीच्या एमआयडीसीत लेथवर कामाला जायचा. पुण्याहून आलेला साहेब बिघडलेला जॉब, म्हणजे लेथवर कातलेला भाग, हातात घेऊन ‘फक्ड अप!’ म्हणायचा आणि भंगारात भिरकवायचा. आमच्या घरात पूर्वी मेंढरं. इंग्रजी असायचं ते औषधाच्या बाटलीवर तेवढं. वाया गेलेल्या मालाला असंच म्हणत असणार, असं भावानं धरलं. तोही म्हणू लागला. कुणी अडवलं नाही.

मग मला बघायला पाहुणे आले. मुलगा बारामतीत नोकरीला, आणि लग्नानंतर मला बी.ए. पुरं करू द्यायला तयार. तेही इंग्रजी घेऊन! मी हुरळून गेले होते. मी पोहे देत असताना मुलाच्या मामांनी दारातल्या ट्रॅक्टरची चौकशी केली. मामा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. भाऊ ऐटीत म्हणाला, “त्याचा गिअरबॉक्स पार फक्ड अप हाय, मामा.”

मामांनी बशी खाली ठेवली. “बायामाणसांत असलं बोलता?”

वडील गोंधळले. “काय वंगाळ बोलला का त्यो?”

तेव्हा मामांनी त्या शब्दाचं अस्सल मराठी करून सांगितलं. खणखणीत आवाजात, माझ्यादेखत. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. हात जोडले ते माझ्या वडिलांनी. “घराला वळण न्हाय,” म्हणत पाहुणे उठले. वळण! आईवरून शिवी हासडल्याशिवाय ज्यांचं एक वाक्य पुरं होत नव्हतं, त्या बैठकीला जमलेल्या आमच्या भावकीनंही माना डोलावल्या.

त्याच उन्हाळ्यात इंदापूरकडच्या घरी माझं लग्न लागलं. तिथं शिक्षणाचा विषय कुणी काढलाच नाही.

पुढं लेकीच्या जाड शब्दकोशात तो शब्द शोधला. तो शब्द म्हणजे संबंधाला राजानं दिलेल्या परवानगीच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं वगैरे सांगतात, ते थोतांड. मारणं, ठोसणं अशा अर्थाच्या जुन्या शब्दांशी त्याचं नातं असावं. नक्की कुणालाच ठाऊक नाही. मग त्याचा अर्थ झाला बाईशी करायची गोष्ट, आणि त्यावरून नासलेलं काम. म्हणजे तिकडंही सगळं बाईच्याच अंगावरून. कोश आपटून मिटला मी.

बी.ए. राहिलं ते राहिलंच. इंग्रजीतला हा एकच शब्द मला मुळापासून येतो.