स्टेशनावरचे बहीण-भाऊ

इंग्रजी येत नसलं तरी इंग्रजी सिनेमा समजावून सांगता येतो. मी सांगितला आहे, आणि तोही मुलीच्या लग्नाच्या बैठकीत.

रूपालीला मुलगा पसंत होता, मुलाला रूपाली. अडलं होतं आत्याबाईंपाशी. या मुलाच्या आत्या, राहायला पडेगावला, आणि त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात म्हशीचा सौदासुद्धा होत नसे. मुलगा, म्हणजे प्रशांत, दिवसभर परदेशातल्या साहेबांशी फोनवर बोलायची नोकरी करतो, म्हणून आत्याबाईंना घरही तसंच हवं होतं. मी मध्यस्थाला ठोकून दिलं होतं, "आमच्याकडे टीव्हीवर फक्त इंग्रजी चालतं." (वाळूजच्या कारखान्यात मशीनवर लिहिलेलं 'स्टार्ट', 'स्टॉप' आणि 'डेंजर' एवढंच माझं इंग्रजी. त्यातलं शेवटचं तेव्हा आठवायला हवं होतं.)

पुंडलिकनगरच्या आमच्या हॉलमध्ये पोहे झाले आणि आत्याबाई म्हणाल्या, "लावा की मंग येखादा इंग्रजी पिच्चर. बघू तरी."

मी शोधून काळा-पांढरा लावला. जुना म्हणजे सोवळा, असा माझा हिशोब. महायुद्ध चाललेलं, एक देखणा फौजी आणि एक सतत डोळे भरून येणारी बाई.

"ही कोन त्याची?"

दोघांचे हात हातात होते. आत्याबाईंचा चेहरा बघून मी म्हणालो, "बहीण."

बायकोने हातातली बशी खाली ठेवली. प्रशांत मान खाली घालून बसला होता. (मुलगा लाजाळू आहे, मला बरं वाटलं.)

नशीब आधी माझ्याच बाजूने होतं. बाईने फौजीच्या मनगटाला आपला रुमाल बांधला. "राखी," मी म्हणालो. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. "लई गुनाची लेक."

मग स्टेशन आलं. शिट्टी, धूर, गाडी हललेली, आणि ती दोघं एकमेकांकडे सरकायला लागली. रिमोट आत्याबाईंच्या मांडीखाली! मी टीव्हीपुढे जाऊन उभा राहिलो. "अजून चहा घेणार?"

"सरका पाव्हणं. भाऊ चाललाय."

मी सरकलो. भावाने बहिणीचा मुका घेतला. चांगला लांब.

रूपाली माझ्याकडे बघत होती. तिचं ठरत आलेलं लग्न मी माझ्या तोंडाने मोडत होतो, आणि तिच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत होईना.

"हा भाऊ नाही," मी म्हणालो. "भाऊ मघाशीच पुढच्या डब्यात चढला. हा नवरा. गोरे सगळे सारखेच दिसतात."

आत्याबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्हय. दिसत्यात खरं."

मी श्वास सोडतोय तोवर तिकडे तार आली. ती वाचून बाई जमिनीवर कोसळली.

"कोन गेलं? भाऊ का नवरा?" आत्याबाईंचा आवाज बदलला. "शुभकामाच्या बैठकीत मयत बरी नाय, पाव्हणं."

"कोणी नाही गेलं. त्याची बदली झाली. घराजवळ."

"मंग रडती कशाला?"

"आनंदाने."

लगेच काळ्या कपड्यांतली ती बाई फुलं घेऊन एका क्रूसापुढे उभी राहिली. आत्याबाई सावकाश प्रशांतकडे वळल्या. "तुला तर येतं ना रे इंग्रजी? खरं सांग, काय झालं?"

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पोरगा पहिल्यापासून सगळं समजून बसला होता.

त्याने रूपालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मामा म्हणतात तेच, आत्या. बदली झाली."

आत्याबाईंनी मांडीखालून रिमोट काढला आणि टीव्ही बंद केला. "मंग धरा साखरपुड्याची तारीख." मला रडूच आलं. (आनंदाने. खरंच.)

आता दर दिवाळीला जावई येतात, एखादा जुना इंग्रजी सिनेमा लावतात आणि सगळ्यांसमोर अदबीने विचारतात, "मामा, काय म्हणतोय हो तो?" मीही शहाणा झालोय. सुरुवातीलाच सांगून टाकतो, ही दोघं नवरा-बायको.

गेल्या दिवाळीला सिनेमातली ती दोघं बाप-लेक निघाली.