होकाराची तालीम

स्लीवेन गावात स्तामेन सुताराला सगळे ‘ताक्या’ म्हणत. लग्न असो की बारसं, बाकीचे राकियाचे, म्हणजे फळांच्या कडक दारूचे, पेले रिचवत बसले की हा आपला ताकाचा पेला घेऊन कोपऱ्यात. त्याचा बाप दारूपायी गेला, तेव्हापासून याने थेंबाला जीभ लावली नव्हती. लोक टिंगल करायचे, भर जेवणात नाकाखाली पेला धरायचे. हा हसून तोंड फिरवायचा. आयुष्यात मिरवावं असं त्याच्याजवळ एवढं एकच होतं, आणि नेमकं तेच त्याच्या पोरीने मागितलं.

पोरगी झोर्नित्सा. हुशार, उगाच कौतुक नाही, खरोखरच हुशार. तिला परदेशातल्या मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये जायचं होतं. लेखी परीक्षेत तिने बाजी मारली होती. उरली होती मुलाखत, घरूनच, कॉम्प्युटरवर. जमली तर शिष्यवृत्तीसकट जागा, नाहीतर बापाच्या कारखान्यातला भुसा झाडा जन्मभर.

तयारीसाठी तिने हाजिएव्हा बाईंची शिकवणी लावली. बाईंनी आधी तिची मानच धरली. आमच्याकडे ‘हो’ म्हणताना मान डावी-उजवीकडे हलते आणि ‘नाही’ म्हणताना वर-खाली. त्या लोकांचं बरोबर उलटं. मग पोरगी आरशासमोर उभी राहून तासन् तास मान वर-खाली करायची. स्तामेन रंधा मारता मारता हसायचा. म्हणायचा, घोडीसारखी काय मान उडवतेस गं.

बाईंची दुसरी शिकवण मात्र हसण्यासारखी नव्हती. त्यांना गोष्ट हवी होती, संकटातून वर आलेल्या मुलीची. झोर्नित्साने खरं ते सांगितलं. आई इटलीत परक्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढते, वर्षातून एकदा घरी येते. बाईंनी नाक मुरडलं. अर्ध्या गावाच्या आया इटलीत आहेत, त्याचं कुणाला काय? बाप काय करतो ते सांग, म्हणाल्या.

मग घरी तालीम झाली, आधी आपल्याच भाषेत. बाप विचारणारा, पोरगी उत्तरं देणारी. स्तामेनने चष्मा लावून कागदावरचा प्रश्न वाचला, आयुष्यातला सगळ्यात कठीण काळ कोणता. झोर्नित्सा भिंतीकडे बघत घडाघडा बोलली. बाप दारुडा होता. कारखाना बुडायला आला होता. शाळा सांभाळून मी गिऱ्हाइकं आणली, बापाची दारू सोडवली, धंदा उभा केला.

स्तामेनने कागद उलटा करून पाहिला.

“हा कोण?” त्याने विचारलं.

“बाबा, तिथे साधा बाप चालत नाही. साध्या बापाच्या पोरी ढिगाने येतात.”

“अगं, पण मी कधी थेंबसुद्धा...”

“ते गावाला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे?”

त्याचा असा संताप झाला की कागद टराटरा फाडावा असं वाटलं. पण पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याने राग गिळला. चष्मा सारखा करून पुढचा प्रश्न वाचला.

मुलाखतीच्या दिवशी त्याला स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं. पण पडद्यावरची बाई भली निघाली, आणि तिथेच घात झाला. गोष्ट ऐकून तिला गहिवरून आलं. वडिलांना बोलव, मला त्यांना भेटायचंय, म्हणाली. झोर्नित्साला टाळता येईना. स्तामेन हात पुसत आला आणि खुर्चीच्या कडेला टेकला. बाई हळुवार आवाजात काहीतरी बोलली. झोर्नित्साने त्याच्याकडे न बघता त्याचा अर्थ सांगितला.

“विचारतायत, मी सांगितलं ते सगळं खरं ना?”

बापाचं मरण, लग्नातले टोमणे, सगळं स्तामेनला आठवलं. मग त्याने मान हलवली. सावकाश, मनापासून, डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

“ते हो म्हणतायत,” झोर्नित्सा घाईघाईने इंग्रजीत म्हणाली. खुलासा करायचं तिला सुचलंच नाही. तिची स्वतःची मान तेवढी शिकवल्याप्रमाणे वर-खाली होत राहिली. पडद्यावरच्या बाईने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग कोरडे आभार मानले आणि मुलाखत संपवली.

नकार आला. कारण कळवलं नव्हतं, कळवायची गरजही नव्हती. झोर्नित्सा बापावर तुटून पडली. एवढं एक काम, तेही धड जमलं नाही, म्हणाली.

“मी हो म्हणालो गं,” स्तामेन म्हणाला. “कधी न प्यायलेली दारू तुझ्यासाठी प्यायलो म्हणालो. आणखी काय करायचं होतं मी?”

ते तिलाही कळत होतं. म्हणून तर ती जास्तच चिडली.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका बिझनेस स्कूलची मुलाखत आली. त्या सकाळी झोर्नित्सा कारखान्यात आली आणि दारातच उभी राहिली.

“बाबा, या वेळी मी सांगणार आहे की तू गेलास.”

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद घराच्या दाराला लावतात. स्तामेनने रंधा खाली ठेवला.

“मग दाराला फोटो तरी बरासा लाव,” तो म्हणाला.

“चेष्टा नको. चालेल ना तुला?”

स्तामेनने मान हलवली, डावीकडून उजवीकडे. मग टोपी घातली, आणि तिची मुलाखत संपेपर्यंत घराकडे फिरकला नाही.