फकिराच्या रुसव्याची सायकल

...आणि दत्तूची सायकल उचलली मात्र, फकिराच्या कमरेत अशी उसण भरली की तो सायकल छातीशी कवटाळून मनमाडच्या त्या जिन्यातच खांबासारखा उभा राहिला. काल इथंच थांबलो होतो ना आपण? तर उसणीचं काही नाही, ती पायाळू माणसाच्या लाथेनं दुसऱ्या दिवशी उतरली. पण डोक्यात जे भरलं ते काही उतरेना. दत्तूची सायकल जड होती. फकिराच्या सायकलीपेक्षा चांगलीच जड!

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. त्यासाठी लग्नाच्या मांडवात जावं लागतं.

फकिरा मखमलाबादचा, झेंडू आणि कोथिंबीर पिकवणारा. दत्तू मनमाडला रेल्वेत. दोघं साडू. चांदवडच्या यादवअण्णांनी दोन्ही मुली एकाच मांडवात उजवल्या आणि दोन्ही जावयांना एकेक गियरची सायकल दिली. अण्णा ट्रकवर होते. मुंबईच्या गोदीबाहेरच्या बाजारातून त्यांनी जहाजावरून उतरलेल्या दोन परदेशी सायकली आणल्या. डोंगर चढायच्या, पोलादी, वापरलेल्या. दत्तूच्या सायकलीवर सोनेरी स्टिकर आणि नळीला अडकवलेला चिमुकला पंप. फकिराच्या सायकलीचा रंग उडालेला, ना नाव ना गाव.

फकिरा जागच्या जागी रुसला. "रेल्वेवाल्याला चकाकती अन् मळेवाल्याला खरवडलेली!" अण्णांनी देवाशपथ सांगितलं, दोन्हीत डावं-उजवं केलं नाही. फकिरा ऐकेना.

आणि पुढं त्याच्या लक्षात आलं की रुसवा हे फार दुभतं जनावर आहे. सासरी गेलं की पहिला पाट त्याचा. तुपाची वाटी दत्तूकडं एकदा, फकिराकडं दोनदा. घरी बायकोनं, मालनबाईनं आवाज चढवला की हा नुसता ओट्यावरच्या सायकलीकडं बघून उसासा सोडायचा. बिचारी माहेरच्या अब्रूसाठी गप्प बसायची. तीस वर्षं हे दूध चाललं होतं. अण्णा गेले, पण रुसवा काही आटला नाही.

आता आपलीच सायकल चांगली निघाली तर हे दूध बंद, ही फकिराची भीती; आणि यंदा नेमका छायाचा फोन आला. छाया ही त्याच्या मेहुण्याची मुलगी. नाशकात नोकरी करते आणि जुन्या पोलादी सायकली हुडकून पुन्हा उभ्या करायचा तिला नाद.

"मामा, धोंड्याच्या जेवणाला सायकल घेऊन या. दत्तूमामाही आणतायत. कुठली फ्रेम भारी ते एकदाचं ठरवून टाकू. तुमचा रुसवा तरी मिटेल."

"कसं ठरवणार गं?"

"सोपंय. चांगल्या पोलादाच्या नळ्या पातळ काढता येतात. म्हणून चांगली फ्रेम हलकी."

फकिराला मनमाडचा जिना आठवला आणि फोन ठेवून तो थेट शेडमध्ये गेला. सीट दांड्यासकट उपसली, खालच्या नळीत आधी चिंधी कोंबली, मग गच्चीच्या कामातले उरलेले सळईचे तुकडे, वर ओली माती. सीट पुन्हा बसवली आणि दर्शन घेऊन आल्यासारखा चेहरा करून जेवायला बसला.

धोंड्याच्या दिवशी चांदवडला सासूबाईंच्या, म्हणजे गोजराबाईंच्या अंगणात पाट मांडलेले, आत पुरणाचे धोंडे उकडतायत, आणि बाहेर छायानं दोन्ही सायकलींची चाकं, हँडल उतरवलेलं, सीट तेवढी जागेवर. कांद्याची गोणी तोलायचा ताणकाटा लिंबाच्या फांदीला टांगला. दत्तूची फ्रेम लटकवली, मग फकिराची.

फकिराची जड निघाली!

दत्तूनं मिशीवरून हात फिरवला. पण खरा आनंद फकिराला झाला. "बघा! मी काय म्हणत होतो? भंगार हाय माझी, भंगार!" असं ओरडत त्यानं साडूला कडकडून मिठी मारली.

"साडू, तुमची हारली ना?" दत्तू गोंधळला.

"हारली तर! लय वाईट हारली!"

छाया मात्र खाली वाकून बसली होती. "मामा, मागचं चाक बसतं तिथली पट्टी बघा. तुमची जाडजूड, ठोकून घडवलेली, ही भारी फ्रेमची खूण. दत्तूमामांची पत्रा कापलेली."

"जाड म्हंजे वजनदार. वजनदार म्हंजे भंगार. तूच बोलली ना?"

"आणि बाहेरून दोन्ही नळ्या सारख्या, पण तुमचा सीटचा दांडा जाड. म्हणजे तुमच्या नळीचा पत्रा पातळ."

"पातळच तर! फाटायला आलाय."

"अगं, काट्यानं सांगितलं ना," दत्तू म्हणाला. "कशाला उकरते?"

"हो ना!" फकिरा म्हणाला. तीस वर्षांत दोन्ही साडूंचं पहिल्यांदाच एकमत झालं.

छायानं पान्यानं टिचकी मारली. दत्तूची फ्रेम 'ठंग' म्हणाली. फकिराची 'खट्' म्हणाली आणि आत काहीतरी खुळखुळलं.

"पोटात गॅस झाला आसंल तिला," फकिरा घाईनं म्हणाला.

छायानं सीटचा दांडा उपसला आणि फ्रेम उलटी केली. आधी मातीचं ढेकूळ पडलं. मग जावयांच्या अनारशांसाठी ठेवलेल्या ताटात एकामागून एक सळईचे तुकडे पडू लागले. मालनबाई आवाज ऐकून बाहेर आली, तिनं एक तुकडा उचलला.

"हे तर आपल्या गच्चीचे गज!"

छायानं चिंधी ओढून काढली, सीट बसवून फ्रेम पुन्हा टांगली. काटा झर्रकन वर सरकला. दत्तूच्या फ्रेमच्याही वर, म्हणजे तिच्याहून हलकी. टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा नाद निघाला.

आशा, म्हणजे दत्तूची बायको, पदर तोंडाला लावून हसत होती. दत्तूची मिशी उतरली होती. फकिरा लिंबाच्या शेंड्याकडं असा बघत होता, जसा काही तिथं झेंडू फुललाय.

गोजराबाई तुपाची वाटी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या हळूहळू पुढं आल्या. त्यांचे डोळे भरलेले.

"जावईबापू, तुमचे सासरे मला म्हणले होते. 'दत्तूरावांचं गाव सपाट, त्यांना कशीबी चालंल. फकिराला फुलं घेऊन चढ चढायचा हाय, हलकी त्याला दे.' तुम्ही रुसले तर मी म्हणले, सांगून टाका. तर म्हणे, दत्तूराव रुसतील. दोन जावई एकदम रुसले तर मांडवात राहायचं कुणी?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "तीस वर्षं चांगली सायकल तुमच्याच दारात होती. आता तरी मनातनं काढा. आन् सगळ्यांसारखं एकदाच तूप घ्या."

वाटी फकिराच्या पाटावरून दत्तूच्या पाटाकडं निघाली. मालनबाई कंबरेवर हात ठेवून नवऱ्याकडं बघत होती. तिच्याकडं तीस वर्षांचं साठलेलं बोलणं होतं. फकिरानं वाटीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, मग दत्तूच्या सायकलीकडं बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. लगेच त्यानं तो पाडला. मोठा उसासा सोडून तो म्हणाला,

"ते सगळं खरं, मामी. पण मग पंप दत्तूला का दिला?"